एकोणनव्वदावं मिनिट

हाफटाइमची शिट्टी वाजली तेव्हा सेनगाव तालुक्यातल्या त्या शाळेच्या पोरींवर चार गोल चढले होते. हिंगोलीच्या मैदानावर ऊन मी म्हणत होतं. निम्म्या जणींच्या पायात साधे कापडी बूट. घरोघरी सोयाबीन काढणीला आलेलं, त्यामुळं जिल्हा स्पर्धेला यायची परवानगीसुद्धा भांडूनच मिळवलेली. गोलकीपर पोरगी मटकन खाली बसली.

"मॅडम, आता काऊन पळायचं? त्यापेक्षा पाचची एसटी धरू. उशीर झाला तर घरी बोलणी बसतील."

अशा वेळी भाषण ठोकायचा मोह भल्याभल्या शिक्षकांना आवरत नाही. मॅडमनी तो आवरला. पाण्याची बाटली तिच्या हातात दिली आणि एवढंच विचारलं, "असिसात ओशोआला ठाऊक आहे का?"

कुणालाच ठाऊक नव्हती.

"नायजेरियात लागोसजवळ इकोरोडू आहे, तिथली. घरच्यांना वाटायचं, पोरीनं शिकावं, फुटबॉलचा नाद सोडावा. आजी तेवढी तिच्या बाजूनं. २०१४ मध्ये वीस वर्षांखालच्या वर्ल्डकपात तिनं सात गोल मारले, स्पर्धेतली सगळ्यात भारी खेळाडू ठरली. पण फायनल जर्मनीनं जिंकली. मग लिव्हरपूल, आर्सेनल, चीन. २०१९ च्या जानेवारीत बार्सिलोनानं तिला चीनच्या क्लबकडून उसनी आणली, शेजारून पायली आणावी तशी. मे महिन्यात बुडापेस्टला चॅम्पियन्स लीगची फायनल होती. समोर फ्रान्सच्या ल्योंचा संघ. तीस मिनिटांत चार गोल खाल्ले! ही तेव्हा बाकावर बसलेली. नंतर तिला आत पाठवलं."

"मग जिंकल्या?"

"हरल्या. चार-एक."

पोरी हसल्या. एकीनं विचारलं, "तो एक कुणाचा?"

"तिचाच. एकोणनव्वदाव्या मिनिटाला."

"एका मिनिटासाठी? त्याचा काय उपेग?"

प्रश्न रास्त होता. मॅडमनी तो टाळला नाही. "त्या दिवशी काहीच नाही. कप ल्योंनंच नेला. पण फायनल झाल्यावर बार्सिलोनानं उसनी आणलेली पोरगी कायमची ठेवून घेतली. दोन वर्षांनी तोच संघ परत फायनलला गेला आणि चेल्सीला चार-शून्य हरवून आला. आफ्रिकेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून ती सहा वेळा निवडली गेलीय. तिच्या देशाच्या पोरी २०२२ मध्ये आपल्या नवी मुंबईत खेळून गेल्या. सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप होता. तिसऱ्या नंबरच्या सामन्यात तीन-शून्य पुढं होत्या, जर्मनीनं तीन-तीन केलं, तरी पेनल्टीवर मेडल घेऊनच गेल्या."

"आपणही हरणारच ना, मॅडम?"

"बहुतेक."

शिट्टी झाली. सगळ्यात आधी उठली ती गोलकीपरच. दुसऱ्या हाफमध्ये ती दोनदा समोरच्या पोरीच्या पायावर झेपावली, कोपर सोलवटून घेतलं, आणि मागच्या पोरींना ओरडून ओरडून जागेवर उभं केलं. गोल मात्र यांच्याकडून एकही झाला नाही. सामना पाच-शून्य सुटला. पाचची एसटी चुकली ती चुकलीच. मॅडमना घरोघरी फोन करावे लागले आणि दोन बापांची बोलणीही खावी लागली.

निकालाच्या कागदावर फक्त ५-० लिहिलेलं असतं. त्यातले चार गोल पहिल्या हाफमधले आणि एकच दुसऱ्यातला, हे तिथं कळत नाही. पुढच्या वर्षी सरावाला, त्या गोलकीपरला धरून, नऊ जणी परत आल्या.