किल्ली नवऱ्याकडे

चेस्ट फ्रीझरला एकच गोष्ट येते, गोठवणं. वीज मिळाली की तो उणे अठरा अंशांकडे धावतो. बिअरला हवेत तीन-चार अंश. म्हणून इथे मिलवॉकीत घरी बिअर बनवणारे आम्ही लोक फ्रीझरची वायर थेट भिंतीत न खोचता एका छोट्या कंट्रोलरला जोडतो. आतल्या सेन्सरने तीन अंश दाखवले की कंट्रोलर वीज तोडतो. फ्रीझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट मात्र तेव्हाही कडाक्याच्या थंडीवरच असतो.

सांगलीहून आलेले माझे बाबा माळकरी. गॅरेजमधल्या या उद्योगात बिअरबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. चेहऱ्यावर सगळं होतंच. झाकणाखाली लाकडी चौकट कशाला, ते मात्र बारकाईने विचारलं. फ्रीझरच्या भिंतींत गॅसच्या नळ्या असतात, तिथे ड्रिल लागलं तर खेळ खलास. म्हणून बिअरचे नळ चौकटीतून काढायचे, असं मी सांगितलं. मग कंट्रोलरकडे बघत ते म्हणाले, "म्हणजे याची गोठवायची ओढ तशीच आहे, तू फक्त वीज तोडतेस. याला संयम म्हणायचं का गं?"

रोख गीतेच्या तिसऱ्या अध्यायाकडे होता. इंद्रियं आवरून मनात विषयच घोळवत बसणाऱ्याला तिथे मिथ्याचारी म्हटलंय. त्या हिशेबाने माझा फ्रीझर पक्का ढोंगी ठरतो.

मला हे पटत नाही. बाबांनी माळ घातली तेव्हा ते ऐन विशीत होते, आणि आजीच्या सांगण्यावरून त्यांचं मन तेव्हा काही निवळलेलं नव्हतं. आधी माळ आली. गळ्यातली माळ हाही बाहेरचाच लगाम की! फरक आहे तो पुढचा. कंट्रोलर काढला तर फ्रीझर त्याच रात्री बिअर गोठवायला निघेल, कितीही वर्षं आवरलेला असो. बाबांची माळ उद्या तुटली तरी ते पिणार नाहीत. माणसाच्या आत बाहेरचा लगाम मुरतो, यंत्राच्या आत मुरत नाही.

सगळेच लगाम मुरतात असंही नाही. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार प्यायला परवाना लागतो. तो खिशात असलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. अमेरिकेत घरच्या बिअरला केंद्रीय कायद्याने 1978 मध्ये मोकळीक दिली, घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला शंभर गॅलन. ते मोजायलाही कोणी येत नाही. जिथे मोजमाप नाही तिथे लगाम कागदावरच राहतो.

आणि मोजायचं तेही नीट. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवला तर झाकण उघडताच कॉम्प्रेसर घरघरायला लागतो, दिवसभर चालू-बंद, चालू-बंद. तोच पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवला की झाकणाच्या उघडझापीने विचलित होत नाही. क्षणाच्या लहरीवर नियम बेतला की तो असाच धापा टाकतो.

एकोणीस लिटरचा पिंप हाताशी असताना मनोनिग्रहावर विसंबणं मला परवडणारं नाही. सोमवार ते गुरुवार नळांना कुलूप असतं, किल्ली नवऱ्याकडे. बाबा याला संयम म्हणत नाहीत. मी म्हणते.