अग्नीने काय सांगितलं नाही



आजचं वाचन केनोपनिषद, तिसरा खंड. पहिले दोन खंड डोक्याला ताण देणारे आहेत, ते आपण गेल्या आठवड्यात रडतखडत का होईना पार केले. तिसऱ्यात मात्र एकदम गोष्टच सुरू होते. आणि ही गोष्ट वाचताना मला दरवेळी थोडी लाज वाटते. का, ते आज सांगून टाकतो.

आधी गोष्ट. परब्रह्माने देवांसाठी विजय मिळवला. कोणावर, ते मूळ मंत्रात नाहीच. असुरांचं नाव आपल्याला भाष्यात सापडतं. देव खूश. हा विजय आमचाच, हा महिमा आमचाच! मग ते परब्रह्म यक्ष होऊन त्यांच्यासमोर उभं राहिलं. कुणालाच ओळखता येईना. देवांनी अग्नीला पाठवलं. यक्षाने विचारलं, तू कोण, तुझ्यात काय ताकद आहे? अग्नी म्हणाला, पृथ्वीवरचं सगळं जाळू शकतो. यक्षाने त्याच्यापुढे गवताची एक काडी ठेवली. जाळ. अग्नीने सगळा जोर लावला, काडी जळली नाही. तो परत आला. मग वायू गेला. सगळं उडवून नेईन म्हणणाऱ्या वायूपुढेही तीच काडी. तोही परत.

आता माझी गोष्ट.

आमच्या ऑफिसातले दोघं कॉलेजपासून 'एज ऑफ एम्पायर्स टू' खेळतात. गावं वसवायची, धान्य-सोनं जमवायचं, सैन्य उभं करायचं आणि समोरच्याचे किल्ले पाडायचे, असा तो खेळ. गणपती झाल्यावरच्या एका शनिवारी त्यांनी मला दोन विरुद्ध दोन खेळायला ओढलं. मला गेम घेऊन सहा दिवस झाले होते. जोडीदार म्हणून मी माझ्या मावसभावाला बोलावलं. तो हरिहरेश्वरला राहतो. दोन खोल्या पर्यटकांना देतो, घरगुती खानावळ चालवतो, आणि रात्री भांडी आवरून झाली की खेळतो. मला दादा म्हणतो.

सव्वा तास चाललं. शेवटी शेवटी अचानक भावाच्या नावावर आडवी रेघ आली, म्हणजे तो बाद. मी एकटा, समोर दोन मुरलेले गडी. आणि मी जिंकलो, मंडळी! माझं सैन्य त्यांच्या किल्ल्यावर चालून गेलं, वीस मिनिटांत दोघांनीही हार मानली. रात्री दीड वाजता मी ग्रुपवर टाकलं: "पार्टनर मैदान सोडून पळाला, तरी एकट्याने किल्ला घेतला. अनुभव फक्त सहा दिवस."

भावाचा मेसेज सकाळी आला. "अभिनंदन दादा. आमच्याकडे लाईट गेली होती."

मी एक हसरा चेहरा पाठवला आणि विषय संपवला. गंमत बघा. 30 ऑगस्ट 2020 ला पहिल्या ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडची फायनल झाली, भारत विरुद्ध रशिया. नाशिकचा विदित गुजराथी आपला कप्तान. पहिली फेरी 3-3 अशी बरोबरीत. दुसऱ्या फेरीत ऐन खेळात निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचं कनेक्शन तुटलं आणि वेळ संपल्यामुळे दोघांचे डाव हरल्यात धरले गेले. दिव्या तेव्हा 14 वर्षांची होती. रशिया विजेता ठरला, भारताने दाद मागितली, आणि शेवटी फिडेच्या अध्यक्षांनी दोन्ही संघांना सुवर्ण दिलं. त्या रात्री ऑफिसच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त तावातावाने कोण भांडत होतं? मी. "नेट गेलं म्हणजे माणूस हरला असं होत नाही," हे माझंच वाक्य. (तीच दिव्या 28 जुलै 2025 ला बाटुमीला महिला विश्वचषक जिंकली आणि एकही नॉर्म हातात नसताना त्या एका विजयाने थेट ग्रँडमास्टर झाली. फायनलमध्ये समोर होत्या कोनेरू हंपी, 2020 च्या संघातल्या तिच्याच सहकारी. ज्या धाग्याने आपण एकदा हरतो आणि एकदा जिंकतो, तो कुठे आपल्या हातात असतो?) भारताला लावलेला न्याय सख्ख्या मावशीच्या मुलाला लावायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्या डावाचं रेकॉर्डिंग उघडलं. हेतू एकच, स्वतःचा पराक्रम पुन्हा बघावा. खेळताना आपल्याला आपल्यापुरतंच दिसतं, बाकी अंधार. रेकॉर्डिंगमध्ये अख्खा नकाशा उजेडात येतो. माझा रंग निळा, भावाचा पिवळा. माझ्या गावाच्या उत्तरेला जी भिंत होती ती मी बांधलेलीच नव्हती, ती पिवळी होती. माझ्यावर येणारे दोन हल्ले त्या भिंतीबाहेरच पिवळ्या शिपायांनी अंगावर घेतले होते. बाजारातून तो मला सतत धान्य आणि सोनं पाठवत होता. त्याची सूचना पडद्यावर येत असणार, पण सहा दिवसांच्या सेनापतीला ती वाचायला वेळ कुठला! आणि बाद व्हायच्या आधीच्या दोन मिनिटांत त्याने होतं नव्हतं ते सगळं सोनं माझ्या नावावर केलं होतं. ज्या सैन्याने किल्ला पाडला, ते त्याच सोन्यातून उभं राहिलं होतं.

मी लॅपटॉप मिटला. त्याच दुपारी ऑफिसातल्या एकाने ग्रुपवर विचारलं, "रेकॉर्डिंग टाक ना, कसं हरलो ते बघू दे." मी लिहिलं, "फाईल करप्ट झाली यार."

आता परत उपनिषदाकडे या. अग्नी परत आला तेव्हा देवांना काय म्हणाला? मंत्र नीट वाचा. तो म्हणाला, हा यक्ष कोण आहे ते मला कळू शकलं नाही. बस्स. काडीचा उल्लेखच नाही! मी एक काडी जाळू शकलो नाही, हे तो गाळतो. वायूही परत येऊन अगदी तेच शब्द म्हणतो. मी हा खंड कित्येकदा वाचला असेन, पण हे लक्षात आलं ते फाईल करप्ट झाल्यानंतर. आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की रिपोर्ट लिहावा लागतो, काय झालं, का झालं. अग्नीचा रिपोर्ट माझ्यासारखाच आहे. एकही शब्द खोटा नाही (माझा तर तोही होता), फक्त मुख्य गोष्ट गायब. अग्नीने काडीचं सांगितलं असतं, तर वायूला तिथे जाऊन तेच करून बघायची गरज पडली असती का?

कालभैरव अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी आईला घेऊन हरिहरेश्वरला गेलो. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा असा रस्ता. दर्शनाचा क्रम तुम्हाला ठाऊक असेल: आधी कालभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा कालभैरव. प्रदक्षिणेला भाऊ बरोबर आला, कारण ती ओहोटीलाच करता येते आणि वेळ चुकली तर तिथला समुद्र माफ करत नाही. त्याचा ढोबळ हिशोब तोंडी असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. "नवमी आज. पावणेसातला भरती, पाऊणला ओहोटी. त्यात भांगाचं पाणी, फार मागे जायचं नाही. रेंगाळायचं नाही हां दादा." डोंगराच्या दोन कड्यांमधल्या पायऱ्या उतरून आम्ही खाली आलो. लाटांनी कोरून मधाच्या पोळ्यासारखी जाळी झालेला तो कातळ. चालता चालता तो सहज म्हणाला, "रेकॉर्डिंग बघितलंस काय रे त्या डावाचं?"

"नाही रे, वेळच नाही मिळाला."

एका बाजूला समुद्र, एका बाजूला देवाचा डोंगर, आणि मी प्रदक्षिणेच्या वाटेवर खोटं बोललो.

देवळात ब्रह्मा, विष्णू, महेश यांच्याबरोबर पार्वतीही आहे. तिच्यासमोर हात जोडल्यावर तिसऱ्या खंडाचा शेवट आठवला. अग्नी आणि वायूनंतर इंद्र जातो, तर यक्ष दिसेनासाच होतो. इंद्र मात्र परत फिरत नाही. त्याच आकाशात त्याला हैमवती उमा भेटते आणि देवांचा राजा तिला साधा प्रश्न विचारतो, तो यक्ष कोण होता? ताकद दाखवायला गेलेले दोघं रिकामे आले. ज्याने विचारलं, त्याला कळलं.

दुसऱ्यांदा कालभैरवाचं दर्शन झालं. बाहेर पायऱ्यांवर बसलो असताना मी भावाला म्हटलं, "बघितलंय मी रेकॉर्डिंग. दोन महिने झाले. शेवटी सगळं सोनं मला का पाठवलंस?"

तो चपला घालत होता. "लाईट जाऊन अर्धा तास झाला होता दादा. इन्व्हर्टर वाजायला लागला. आता बंद पडणारच होता, मग माझ्याकडे ठेवून काय करणार होतो?"

लॅपटॉप गाडीत होता. मोबाईलला रेंज येईपर्यंत लॉजच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेलो आणि ग्रुपवर लिहिलं, फाईल करप्ट नव्हती, मी खोटं बोललो. पार्टनर पळाला नव्हता, पिवळा रंग बघा. आणि फाईल जोडली. साधी चार वाक्यं, पण पाठवायच्या बटणावर अंगठा बराच वेळ अडून राहिला. अग्नीबद्दल त्या क्षणी मला फार आपुलकी वाटली, खरं सांगतो.

परत आलो तेव्हा भाऊ पडवीत सुपारी सोलत बसला होता. फोन बाजूला पडलेला, मेसेज वाचलेला असणार. वर न बघता म्हणाला, "हात धू, आमटी निवतेय. मावशी कधीची थांबलीये तुझ्यासाठी."

उद्या चौथा खंड. उमा इंद्राला काय सांगते ते बघू.