वाढदिवस आपला, निवड दुसऱ्याची

वाढदिवसाला माणसाला काय हवं ते विचारायचं, ही रीत आता इतकी पक्की झाली आहे की तिच्याकडे आपलं लक्षही जात नाही. एरवी पानात पडेल ते गुमान जेवणाऱ्या मुलालाही त्या दिवशी श्रीखंड की गुलाबजाम असं विचारलं जातं. त्या दिवसाचा मान म्हणजे निवडीचा मान. आणि तरीही टोकियोत, न्यूयॉर्कमध्ये, ज्यांना परवडतं अशी पुष्कळ माणसं आपला वाढदिवस नेमका अशा ठिकाणी साजरा करायला जातात, जिथे त्यांना काहीच निवडायचं नसतं. सुशीच्या दुकानात लाकडी काउंटरसमोर बसायचं, ‘ओमाकासे’ म्हणायचं, म्हणजे ‘तुमच्यावर सोपवलं’, आणि पुढचे दीड-दोन तास समोरचा कारागीर जे पुढे ठेवील ते, तो ठेवील त्या क्रमाने खायचं.

श्रीमंतांची लहर, असं म्हणून हा विषय संपवता येईल. पण मला त्यात बरंच काही दिसतं. आपल्या हक्काच्या दिवशी आपली निवड दुसऱ्याच्या हाती देण्यात वाढदिवसाचा एक फार खरा अर्थ आहे, असं मी मानतो. मात्र तो अर्थ सगळाच्या सगळा समोरच्या माणसाच्या लक्षावर उभा असतो. ते लक्ष नसेल तर कितीही उंची मासा असो, वाढदिवस साजरा झाला असं मी म्हणणार नाही.

आधी एक गैरसमज बाजूला सारायला हवा. ओमाकासे ही जपानची पुरातन परंपरा नाही. आज आपण जिला सुशी म्हणून ओळखतो ती निगिरी, म्हणजे व्हिनेगर घातलेल्या भाताच्या मुटक्यावर माशाचा काप, ही एदो शहरात, आजच्या टोकियोत, १८२०च्या दशकात रूढ झाली. हानाया योहेई याचं नाव तिच्याशी जोडलं जातं. सुशीचं सर्वांत जुनं रूप म्हणजे मीठ लावलेला मासा भातात महिनोन्‌महिने आंबत ठेवायचा आणि खाताना भात टाकून द्यायचा. बिवा सरोवराकाठची फुनाझुशी अजून त्याच जातीची आहे. एदोतल्या कामकरी माणसाला एवढा धीर कुठला? गाडीवर उभं राहायचं, आजच्या दुपटीहून मोठे दोन-चार मुटके पोटात ढकलायचे आणि चालू लागायचं. १९२३च्या कांतो भूकंपानंतर टोकियोतले कारागीर आपापल्या गावी पांगले आणि ही सुशी देशभर गेली. महायुद्धानंतर अन्नटंचाईत, १९४७ मध्ये खाद्यगृहांवर निर्बंध आले, तेव्हा टोकियोच्या सुशीवाल्यांनी सरकारकडून एक तोड काढून घेतली. गिऱ्हाइकाने स्वतःचा एक ‘गो’ तांदूळ, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम, आणायचा आणि मजुरी देऊन त्याच्या बदल्यात दहा नग न्यायचे. एका माणसाची सुशी म्हणजे किती, हे माप तिथून पक्कं झालं.

काउंटरवर बसून मनाला येईल तो मासा एकेक करून मागायचा, ही जाणत्या गिऱ्हाइकाची पद्धत होती. तिला ओकोनोमी म्हणतात. तिच्यासाठी माशांची आणि हंगामाची जाण हवी आणि खिशात धीर हवा, कारण भाव त्या दिवसाच्या बाजारावर चाले आणि भिंतीवर तो लिहिलेला नसे. ‘आज तुम्हीच द्या’ हे म्हणणं तिथल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला शोभून दिसे. मोठ्या दुकानांत तोच एकमेव नियम होऊन बसणं ही अलीकडच्या काही दशकांतली गोष्ट. तेव्हा ओमाकासेची बाजू घ्यायची तर परंपरेच्या आधाराने घेता येणार नाही. तिला दुसरं बळ हवं.

ते बळ मला आपल्या स्वयंपाकघरात सापडतं. ‘आज काय करू?’ हा प्रश्न मराठी घरांत दिवसातून दोनदा विचारला जातो आणि उत्तर बहुधा ‘काहीही कर’ असं येतं. त्या ‘काहीही’त विश्वास नसतो, टोलवाटोलवी असते. कोणाला वांगं चालत नाही, कोणाचा उपास आहे, सकाळचं काय उरलं आहे, हा सगळा हिशेब पुन्हा त्याच बाईच्या डोक्यावर येऊन बसतो. वर्षभर सगळ्यांच्या वतीने ठरवणाऱ्या या बाईला तिच्या वाढदिवसाला हॉटेलात नेतात आणि तिच्या हाती जाडजूड मेन्यूकार्ड देतात. तीही सवयीने प्रत्येकाला काय हवं ते विचारत बसते. तिला त्या दिवशी निवडीचं स्वातंत्र्य नको असतं, निवडीतून सुटका हवी असते. कोणीतरी तिच्याकडे नीट पाहून, तिला काय रुचेल याचा विचार तिच्याऐवजी करून, तिच्यासमोर पान मांडावं. हे सुख तिला शेवटचं कधी मिळालं होतं? बहुधा माहेरी.

पण याची दुसरी बाजू तितकीच ठामपणे मांडायला हवी. ज्याला कधी निवडच मिळाली नाही त्याला ‘निवड सोडून दे, मजा आहे’ असं सांगणं निर्दयपणाचं आहे. शेवटच्या पंगतीत उरलंसुरलं जेवलेल्या सुना, वसतिगृहांत वाढलेली मुलं, दुसऱ्याच्या घरी राबणारी माणसं, यांच्या पानात आयुष्यभर इतरांनी ठरवलेलंच पडत आलं. त्यांचा वाढदिवस असेल तर त्यांनी बोट दाखवावं आणि मागावं. ओमाकासे हे ज्याच्या हाती निवड आहे त्यानेच द्यायचं दान आहे. जबरदस्तीने घेतलेल्या निवडीला ते नाव देता येणार नाही.

आता हे दान घेणाऱ्याचा अधिकार कशावर उभा असतो ते पाहू. सुशीच्या कामाचा फार मोठा भाग गिऱ्हाईक येण्याआधी झालेला असतो. कोहादा नावाचा चांदीसारख्या कातडीचा लहानसा मासा घ्या. तो स्वस्त, काटेरी, कच्चा खाल्ला तर काही खास नाही. त्याला मीठ किती वेळ लावायचं आणि व्हिनेगरमध्ये किती वेळ ठेवायचं, हे माशाच्या चरबीवर आणि त्या दिवसाच्या हवेवर ठरतं. थोडा वेळ कमी झाला तर वास राहतो, जास्त झाला तर मासा आंबट चोथा होतो. आनागो, म्हणजे खाऱ्या पाण्यातला वाम, मऊ शिजवून त्यावर आटवलेला गोडसर रस फिरवायचा. भात अंगाच्या उबेइतका कोमट राखायचा. टोकियोच्या गिन्झा भागातल्या ‘सुकियाबाशी जिरो’ या जेमतेम दहा जागांच्या दुकानावर २०११ साली माहितीपट निघाला. तिथला एक उमेदवार त्यात सांगतो की अंड्याची तामागो दोनशेहून अधिक वेळा केल्यावर कुठे ती मालकांच्या पसंतीला उतरली. आणखी एक गोष्ट त्यात दिसते, आणि माझ्या मते तीच अधिक मोलाची आहे. हे दुकान कोळंबी कोळंबीच्या जाणकाराकडून घेतं, ट्यूना ट्यूनाच्या जाणकाराकडून. पहाटे बाजारात कोणता मासा चांगला हे त्या व्यापाऱ्याने सांगावं आणि दुकानाने मानावं. म्हणजे आपण ज्याच्यावर सोपवतो तोही पहाटे कोणावर तरी सोपवून आलेला असतो, आणि तो व्यापारी मासा पकडणाऱ्यावर. या साखळीतला प्रत्येक जण आपल्यापुरतं एक काम पुरतं जाणतो, म्हणून ती टिकते.

त्या दुकानाचे मालक जिरो ओनो यांनी २७ ऑक्टोबर २०२५ रोजी वयाची शंभर वर्षं पूर्ण केली. समोरचं गिऱ्हाईक डावखुरं आहे असं दिसलं की ते नग डाव्या हाताला सोयीचा पडेल असा ठेवत. खाणाऱ्यांचा वेग सारखा राहावा म्हणून मुटक्याचा आकार कमी-जास्त करत. २००७ मध्ये मिशेलिनच्या पहिल्या टोकियो मार्गदर्शिकेने या दुकानाला तीन तारे दिले, बराक ओबामा २०१४ मध्ये तिथे जेवून गेले. या गोष्टी लोक आवर्जून सांगतात. मला डाव्या हाताची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण ‘सोपवलं’ या शब्दाला दिलेलं उत्तर तिथे आहे. गिऱ्हाइकाने काहीही सांगितलेलं नाही आणि कारागिराला ते कळलं आहे. वाढदिवसाला आपल्याला यापेक्षा वेगळं काय हवं असतं?

ज्याने त्याने आपला वाढदिवस तारखेला साजरा करायचा, हे जपानमध्येही तसं नवंच. पूर्वी मूल जन्मताच एक वर्षाचं धरत आणि नव्या वर्षाच्या दिवशी सगळ्या देशाचं वय एकदम एकेका वर्षाने वाढे. जन्मतारखेपासून पूर्ण वर्षं मोजून वय सांगावं, असा कायदा १९५० मध्ये अमलात आला, त्यानंतर तारखेच्या वाढदिवसाला बळ आलं. ठरावीक वयं मात्र फार आधीपासून साजरी होत आली आहेत. साठावं वर्ष त्यातलं मोठं, कारण तिथल्या जुन्या कालगणनेचं आवर्तन साठ वर्षांनी पुरं होतं. आपल्या पंचांगातही संवत्सरं साठच, आणि म्हणून आपली षष्ट्यब्दी. दोन्हीकडे माणूस साठीला पुन्हा आरंभाशी येतो. जपानमध्ये त्याला तान्ह्या बाळासारखं लाल जाकीट घालतात.

माझ्या मेहुण्यांची साठी टोकियोत झाली. ते मूळचे रत्नागिरीचे, जन्म श्रावणातला. पूर्व टोकियोतल्या निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, तिथे ते राहतात. घराजवळच्या एका छोट्या सुशीच्या दुकानात नवरा-बायको दोघंच काम करतात. मेहुण्यांचं तिथे अधूनमधून जाणं होतं. त्या संध्याकाळी आम्ही बसलो, आणि सुरुवातीच्या दोन-तीन नगांनंतर त्या गृहस्थाने भातावर बोटाच्या पेराएवढे तीन चिमुकले मासे एकमेकांवर रचून पुढे ठेवले. शिंको, म्हणजे कोहादाचं पिल्लू. ते तिथल्या उन्हाळ्याच्या मध्याला थोडे आठवडेच मिळतं. एवढ्याशा माशाला साफ करून, मीठ-व्हिनेगर लावून तयार करण्याचे कष्ट त्याच्या वजनाच्या मानाने भलतेच, आणि हंगामाच्या पहिल्या दिवसांत भावही भलताच. मेहुणे ते खाऊन थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘घरी कधी माझ्या वाढदिवसाला मासा झालाच नाही. श्रावण! नारळी पौर्णिमा होईपर्यंत होड्याही बाहेर जात नसत. माझ्या महिन्याचा मासा साठाव्या वर्षी भेटला.’

त्यांच्या या बोलण्याने माझ्या मनातली एक गोष्ट स्पष्ट झाली. मेन्यूकार्डावर बारा महिने एकच यादी असते आणि आवड विचारली की माणूस नेहमीचंच सांगतो. मेहुण्यांनी मागितलं असतं तर ट्यूनाच मागितला असता. सोपवल्यामुळे त्यांच्या पानात त्यांचा महिना आला. मे महिन्यात जन्मलेल्याला पहिला कात्सुओ मिळेल, कडाक्याच्या थंडीत जन्मलेल्याला चरबी धरलेला बुरी. तिथीने वाढदिवस करणारी आपली आधीची पिढी हेच वेगळ्या रीतीने जपत होती. जन्मदिवस हा ऋतूतला एक ठिकाणा आहे, हे तिला माहीत होतं.

या सगळ्याला लागलेली कीडही आता दिसते आहे. कित्येक दुकानांत महिनोन्‌महिने आधी पूर्ण पैसे भरायचे, ठरल्या मिनिटाला सगळ्यांनी एकदम बसायचं, सगळ्यांना तेच वीस नग त्याच क्रमाने, आणि दोन तासांनी पुढची तुकडी. ‘वाढदिवस’ म्हटलं की चरबीदार ट्यूना, त्यावर समुद्री साळूचा गर, त्यावर कॅव्हियार. हात मोबाइलकडे जातो, आणि भाताची ऊब तेवढ्यात निघून जाते. महाग म्हणजे चांगलं हे समीकरण सुशीच्या इतिहासालाच धरून नाही. ट्यूनाच्या पोटाचा जो भाग आज सर्वांत महाग विकला जातो, त्याला युद्धापूर्वी फारसं कोणी विचारत नसे. ५ जानेवारी २०१९ रोजी टोकियोच्या तोयोसू मासळी बाजारातल्या वर्षाच्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक ब्लूफिन ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. तोच पॅसिफिक ब्लूफिन काही वर्षांपूर्वी मासेमारीपूर्व साठ्याच्या तीन टक्क्यांहून खाली आला होता. देशादेशांनी पकडीवर मर्यादा घातल्या आणि त्या पाळल्या, म्हणून तो सावरला. ‘तुमच्यावर सोपवलं’ म्हणणाऱ्याच्या वतीने समुद्राशी कसं वागायचं, हेही कारागिरानेच ठरवायचं असतं. म्हणून दुकान पारखताना मी कोहादा पाहतो. त्यात मासा स्वस्त आणि सगळी किंमत हाताची.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. लक्ष हवं तर ओळख हवी, आणि ओळख म्हटली की दार काहींनाच उघडतं. जिरोंचं दुकान २०१९ मध्ये मिशेलिनच्या यादीतून गेलं ते दर्जामुळे नव्हे. सर्वसामान्यांना तिथे जागा राखताच येत नव्हती म्हणून. यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढं खरं की गल्लीतल्या दुकानाशी ओळख करायला मोठी शिफारस लागत नाही, चार-सहा वेळा जाऊन साधं जेवावं लागतं.

म्हणून वाढदिवसासाठी कोणी मला विचारलं तर मी तसंच दुकान सुचवतो. त्याने वाढदिवसाआधीच तिथे जायला लागावं. आपण काय खात नाही ते जागा राखतानाच स्वच्छ सांगावं. चांगली दुकानं ते आपणहून विचारतात, आणि आपला नकार ठाऊक असलेल्या माणसावर सोपवणं सोपं जातं. नग समोर आला की लगेच खावा, हाताने खाल्ला तरी चालतो. तामागो येऊन गेली की बहुधा क्रम संपतो, आणि कारागीर ‘आणखी काही?’ म्हणून विचारतो. तिथे संकोच करू नये, त्या संध्याकाळी जे सर्वांत आवडलं ते पुन्हा मागावं. आत शिरताना विचारलं असतं तर आपण जे सांगितलं असतं त्यापेक्षा ही मागणी बहुतेक वेळा वेगळी निघते, कारण तोवर तासाभरापूर्वी नावही ठाऊक नसलेले चार-पाच मासे आपल्याला आवडून गेलेले असतात.