आधी काय, नंतर काय?

निवृत्त माणसाला काहीतरी खूळ हवेच. मी पायथन शिकू लागलो. गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थाने १९९१ साली जगापुढे ठेवलेली ही संगणकाची भाषा मोठी सोज्वळ वाटते. पण क्रम चुकला की ती गय करीत नाही.

पायक्यूट या साधनाने मी पडद्यावर एक खिडकी करायला घेतली. आधी अॅप्लिकेशन, मग खिडकी, हा पहिला नियम पाळला. खिडकीत एक सरकपट्टी केली. ‘पट्टी हलली की पाटीवर आकडा लिही’ असा निरोप तिला जोडला. तिला पन्नासावर नेले. आणि मग पाटी केली. खिडकी उघडलीच नाही. उलट तक्रार उमटली : या वस्तूजवळ पाटी नाही!

अहो, पाटी पुढच्याच ओळीत होती! पण पट्टी हलताच निरोप तत्काळ सुटला, आणि तेव्हा पाटी जन्मलीच नव्हती. उपाय सोपा : आधी सगळे घटक घडवावेत, मग निरोप जोडावेत, आकडा सर्वांत शेवटी द्यावा. पाटीची ओळ वर नेली, खिडकी उघडली. एक अक्षरही बदलावे लागले नाही. बदलला तो केवळ क्रम.

त्या रात्री मात्र झोप येईना. तक्रारीत उणीव कोणाची ते लिहिले होते. हाक अवेळी कोणी मारली, ते नव्हते.

वडील वारले तेव्हा माझा धाकटा भाऊ सतरा वर्षांचा होता. मला नोकरीवर परतायचे होते. दिवसकार्य आटोपताच दुकानाच्या किल्ल्या मी त्याच्या हाती ठेवल्या. दोन वर्षांत दुकान बसले. ‘त्याच्यात धमकच नव्हती,’ असे मी पुढे तीस वर्षे सांगत आलो.

कोणी म्हणेल, पाण्यात टाकल्यावाचून पोहता येत नाही. खरेच, पण टाकताना पाठीला भोपळा बांधतात, आणि काठावर कोणीतरी उभे असते. मी कुठे उभा होतो?

संगणकात ओळ वर नेता येते. आयुष्यात ती लिहिली तिथेच राहते. दुरुस्त करता येते ती फक्त दोषाची नोंद. पाडव्याला तो जेवायला येणार आहे. त्याच्या नावे मांडलेली ती जुनी बाकी त्या दिवशी माझ्या नावे ओढून घ्यावी, म्हणतो. तो हसण्यावारी नेईल. नेवो.