कापसाचा भाव आणि कर्माचा हिशेब

१२ एप्रिल १८६१ रोजी अमेरिकेत फोर्ट समटरवर तोफा डागल्या गेल्या, उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध पेटले आणि आठवडाभरातच राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस याच बंदरांतून जाई. तो अडला, तशी लिव्हरपूलची मागणी मुंबईवर आणि मुंबईची खानदेशावर येऊन पडली. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा खानदेशातच होता. तापीकाठच्या काळ्या जमिनीत कापूस पिकत होताच. आता सरकारनेही जोर लावला आणि कलेक्टर ॲशबर्नर यांनी हिंगणघाटचे वाण खानदेशात आणले.

चार वर्षांत तिकडे सहा लाखांहून अधिक माणसे मेली. इकडे कापसाला कधी न मिळालेला भाव मिळाला. या पैशाला दोष लागतो का?

जैन विचारात हिंसेच्या तीन वाटा सांगितल्या आहेत: स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि दुसऱ्याने केलेल्या हिंसेला अनुमोदन देणे. बौद्ध विचार त्याहून थेट आहे. तिथे हेतू हेच कर्म. या कसोट्यांवर खानदेशचा शेतकरी निर्दोष ठरतो. त्याने युद्ध मागितले नव्हते आणि लांबवलेही नव्हते. तो फक्त पीक विकत होता.

मुंबईच्या सट्टेबाजाला मात्र इतक्या सहज सुटता येत नाही. कापूस व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या काळातल्या त्या शहरात नव्या बँका, नव्या कंपन्या आणि बॅकबे भरावाचे शेअर यांवर पैसा खेळत होता. या डोलाऱ्याचा पाया होता कापसाचा चढा भाव, आणि तो टिकण्यासाठी युद्ध टिकणे आवश्यक होते. ज्याचे सारे भांडवल तेजीवर लागले होते, त्याला तहाची बातमी अशुभच वाटणार. हातात शस्त्र न धरता माणूस अनुमोदनाच्या तिसऱ्या वाटेवर जातो तो असा.

युरोपातले सावकार आणखी पुढे गेले. कापूस रोखून धरला की ब्रिटन आणि फ्रान्स आपल्याला मान्यता देतील, हा दक्षिणेचा राजनैतिक डाव होता. तो फसला, पण १८६३ मध्ये एर्लांजर पेढीने याच कापसाच्या तारणावर दक्षिणेसाठी तीस लाख पौंडांचे कर्ज उभारले. तो कापूस गुलामांनी पिकवलेला आहे, हे पैसे गुंतवणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

याच्या अगदी उलट मँचेस्टरचे कामगार वागले. कापसाअभावी गिरण्या बंद, घरात चूल पेटेना, तरी ३१ डिसेंबर १८६२ च्या सभेत त्यांनी लिंकन यांना पाठिंबा कळवला. लिंकन यांनी १९ जानेवारी १८६३ रोजी त्यांना उत्तर पाठवले. स्वतःचे नुकसान सोसून माणूस न्यायाच्या बाजूने उभा राहू शकतो, याचा हा पुरावा आहे.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. भाव कोसळले, १ जुलैला मुंबईचे वायदे फुटले आणि पेढ्या बुडाल्या. तेजीत काढलेली कर्जे तेवढी उरली. मे १८७५ मध्ये सुप्यापासून पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे पेटले, त्यामागे हेही एक कारण होते. सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्लांच्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या सावकारांकडे आणि मोठ्या जमीनदारांकडे जात राहिल्या. त्याला कापूस हे एकच कारण नव्हे. पण कर्जाचा फास तोच होता. त्या जमिनी परत मिळवण्यासाठी १९७२ मध्ये शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सोबत्यांना श्रमिक संघटनेचा लढा उभारावा लागला. ज्याच्या माथी दोष नव्हता, त्याच्याच वाट्याला भोग आला. कर्मफळाचा सिद्धांत सांगणाऱ्यांनी या हिशेबाला उत्तर दिले पाहिजे.

१८६१ च्या शेतकऱ्याजवळ अज्ञानाची सबब होती. आजच्या शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला आणि गुंतवणूकदाराला ती नाही. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला होताच खतांचे आणि खाद्यतेलाचे भाव चढले, आणि बाजारभाव व युद्धाची बातमी एकाच मोबाइलवर आली. भाव घेण्यात पाप नाही. पण तो टिकावा म्हणून माणसे मरत राहावीत असे मनात येऊ देणे, हे नक्कीच पाप आहे.

अमेरिकेच्या त्या यादवी युद्धाकडे महात्मा फुल्यांनी वेगळ्या नजरेने पाहिले. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. शहादा, तळोदा, अक्कलकुवा इथल्या शाळांत खानदेशच्या कापसाचा इतिहास शिकवताना ती अर्पणपत्रिकाही मुलांना वाचून दाखवली जावी.