सुखाचे ऋण

गृहस्थाश्रम हा इतर सर्व आश्रमांचा आधार होय, असे म्हणून धर्मशास्त्रकारांनी गृहस्थाचा गौरव केला आहे. परंतु त्याच शास्त्रकारांनी त्याला एका उण्याचीही आठवण करून दिली आहे. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर या पाच ठिकाणी, कितीही जपले तरी, गृहस्थाच्या हातून लहान जीवांची हिंसा घडते. या स्थानांस ‘पंचसूना’ असे नाव असून त्या दोषाच्या परिहारार्थ पंचमहायज्ञांचे विधान आहे. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, शास्त्राने चूल विझवावयास सांगितले नाही. आणि चूल अपरिहार्य आहे एवढ्यावरून तिचा दोषही माफ केला नाही. जे टाळता येत नाही त्याचे देणे तरी चुकते करता येते, आणि ते रोजच्या रोज करावे, असा हा दंडक आहे.

आजच्या संसारात या पाचांपलीकडची कितीतरी साधने आली आहेत. विमान हे त्यांपैकीच एक. एके काळी श्रीमंतांचे समजले जाणारे हे वाहन आता मध्यम स्थितीतील कुटुंबाच्या आवाक्यात आले आहे. तेव्हा त्याचाही हिशेब गृहस्थाने मांडावयास हवा. नवी धावपट्टी बांधली जाते त्या वेळी सुख कोणास होते, भार कोणावर पडतो, आणि सुख घेणाऱ्याचे भार वाहणाऱ्याशी नाते कोणते, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही. तो धर्माचाही आहे.

दिल्लीचेच उदाहरण घ्यावे. नवी दिल्ली रेल्वे स्थानकास लागून असलेला पहाडगंज हा भाग लॉज, हॉटेले आणि खाणावळी यांनी गजबजलेला आहे. नूतन मराठी विद्यालय आणि बृहन्महाराष्ट्र भवन यांमुळे तो महाराष्ट्रीयांस परका वाटत नाही. समजा, हरिद्वार-हृषीकेशची यात्रा आटोपून एक वृद्ध दांपत्य येथे रात्रीपुरते उतरले आहे. परतीचा रेल्वेप्रवास सोसवेनासा झाल्यामुळे मुलाने विमानाची तिकिटे काढली आहेत. २०११ पासून नवी दिल्ली स्थानकावरून विमानतळापर्यंत जलद मेट्रो धावते; तेथून दोन तासांत पुणे. यात निंद्य असे काय आहे? काहीच नाही. वृद्धांचे कष्ट वाचवणे, रुग्णास वेळेवर उपचार मिळवून देणे, परमुलखातील मुलास आईच्या अंत्यदर्शनास पोचवणे, ही पुण्याचीच कामे होत.

आणि त्यासाठी धावपट्टीही लागते. इंदिरा गांधी विमानतळावर २००८ मध्ये ४,४३० मीटर लांबीची तिसरी आणि जुलै २०२३ मध्ये ४,४०० मीटर लांबीची चौथी धावपट्टी सुरू झाली. वर्षाकाठी सात कोटींहून अधिक प्रवासी येथून ये-जा करतात. धावपट्टी अपुरी पडली की विमाने आकाशात घिरट्या घालतात, इंधन व्यर्थ जळते आणि प्रवासी ताटकळतात. २०२५ च्या एप्रिलात एक धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद ठेवली, तेव्हा विमाने इतकी रखडू लागली की मे महिन्यात ती पुन्हा खुली करावी लागली. धावपट्टी म्हणजे निव्वळ चैन, असे म्हणणे सत्यास सोडून होईल.

आता दुसरी बाजू पाहावी. विमान वाऱ्यास सामोरे जाऊन उतरते आणि तसेच उडते. दिल्लीत वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. म्हणून उतरणारी विमाने पूर्वेकडून, रंगपुरी आणि वसंतकुंज यांच्या घरांवरून खाली येतात, आणि उडणारी बिजवासनच्या बाजूने वर चढतात. हा विमानतळ अहोरात्र चालतो. पहाडगंजातील प्रवाशाची झोप रस्त्यावरच्या कोलाहलाने मोडेल, विमानाने नव्हे. ज्याला विमान हवे आहे त्याला त्याचा आवाज ऐकू येत नाही. ज्याला तो रात्रभर ऐकू येतो, त्यातील कित्येकांनी विमानात कधी पाऊलही ठेवलेले नाही.

हा त्रास कल्पनेचा खेळ नव्हे. १९९२ मध्ये जर्मनीतील म्यूनिकचा जुना विमानतळ बंद होऊन नवा सुरू झाला. त्या वेळी दोन्ही ठिकाणच्या मुलांची पाहणी करण्यात आली. जुन्या जागेजवळच्या मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन सुधारले. नव्या जागेजवळच्या मुलांचे खालावले. मुले तीच, शाळा त्याच. बदलले ते फक्त आकाश. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप शाखेने २०१८ मध्ये विमानांचा रात्रीचा सरासरी आवाज ४० डेसिबलच्या आत असावा, असे सुचवले. त्याच वर्षी आपल्याकडे मोठ्या विमानतळांच्या परिसरासाठी रात्रीची मर्यादा ६५ ठरली. मोजण्याची रीत तंतोतंत एक नसली, तरी अंतर केवढे आहे हे कोणाच्याही ध्यानात येईल.

शिवाय काहींचे आकाशच नव्हे, भूमीही जाते. दिल्लीच्या विमानतळाच्या विस्तारासाठी नांगल देवत हे गाव उठले. संपादनाच्या हालचाली १९६० च्या दशकात सुरू झाल्या आणि गाव प्रत्यक्ष हलले २००७ मध्ये. चाळीस वर्षे ‘उद्या जायचे’ अशा स्थितीत तेथे संसार झाले. महाराष्ट्रीय वाचकाला हे दूरचे वाटू नये. २५ डिसेंबर २०२५ पासून ज्या नवी मुंबई विमानतळावरून वाहतूक सुरू झाली, त्यासाठी उलवे, कोंबडभुजे, तरघर इत्यादी दहा गावांच्या लोकांना वडिलोपार्जित घरे सोडावी लागली आहेत.

यावर काही शंका घेतल्या जातात. पहिली अशी की, विमानतळाजवळ राहावयास कोणी सांगितले होते? परंतु बिजवासन, महिपालपूर, रंगपुरी ही गावे विमानतळाहून जुनी आहेत, आणि वसंतकुंजची वसाहत तिसऱ्या धावपट्टीच्या कितीतरी आधीची. ज्याने सर्व जाणून, स्वस्त मिळाले म्हणून नंतर घर घेतले, त्याची तक्रार काहीशी दुबळी ठरेल हे खरे. पण त्या घरात जन्मलेल्या बालकाने कोणता सौदा केला होता?

दुसरी शंका बहुजनहिताची. कोट्यवधींच्या सुखापुढे काही सहस्रांच्या झोपेची किंमत ती काय? हा युक्तिवाद वरकरणी बळकट दिसतो. विचारांती तो उलटा फिरतो. लाभ घेणारे जितके अधिक, तितका प्रत्येकाच्या वाट्याचा फेडीचा अंश लहान. फ्रान्समध्ये विमानाच्या आवाजावर कर बसवून त्यातून आसपासच्या घरांच्या खिडक्या-छपरांस ध्वनिरोधक आवरण करून देतात. कोटी लोकांनी थोडे थोडे दिले तर सहस्रांचा भार हलका होतो. ते न देता ‘आम्ही पुष्कळ आहोत’ एवढेच सांगणे, हे बहुजनहित नसून पंक्तीत मोठ्या संख्येने बसून वाढणाऱ्याला उपाशी ठेवणे आहे.

तिसरी शंका सर्वांत सूक्ष्म. प्रवासी म्हणतो, “मी तर फक्त तिकीट काढले, विमान उडवणारा मी नव्हे.” मनुस्मृतीने हिंसेचे वाटेकरी मोजताना मारणाऱ्यापाशीच गणना थांबवली नाही, अनुमती देणारा, विकत घेणारा, रांधणारा, वाढणारा आणि खाणारा यांनाही त्यात गोवले. ‘मी केवळ ग्राहक’ ही पळवाट तेथे बंद आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही, सृष्टिचक्राने दिलेले भोग परत काही न देता जो एकटा भोगतो, त्याला चोर म्हटले आहे. हा कठोर शब्द दरोडेखोरास उद्देशून नाही. तो आपल्या ताटापुरते पाहणाऱ्या सभ्य माणसाला उद्देशून आहे.

मग विमानप्रवास सोडावा काय? तसाही गीतेचा अभिप्राय नाही. अग्नीबरोबर धूर असतो तसा प्रत्येक कर्माबरोबर काही दोष असतोच, आणि तेवढ्यावरून कर्तव्य टाकू नये, असे अठरावा अध्याय सांगतो. पण धूर असणारच म्हणून तो शेजाऱ्याच्या घरात सोडावा, असे कोणी सांगितलेले नाही. धुराडे बांधणे हे चूल पेटवणाऱ्याचेच काम आहे.

तिसऱ्या धावपट्टीच्या बाबतीत एक गोष्ट घडली, ती विचार करण्यासारखी आहे. तिच्या पूर्व टोकाबाहेर, जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत रंगपुरी येथे भगवान शंकरांची उंच मूर्ती आहे. तिच्या उंचीमुळे त्या बाजूने उतरणाऱ्या विमानांसाठी भूमीला टेकण्याची जागा सुमारे दीड किलोमीटर आत सरकवावी लागली. म्हणजे आवश्यक ठरले की मार्ग सरकतो, नियम बदलतो, हे सिद्ध झाले. मग मूर्तीतील शिवासाठी जे होऊ शकले, ते तिच्याच सावलीत झोपणाऱ्या जीवरूपी शिवासाठी का होऊ नये? सहाव्या अध्यायात दुसऱ्याचे सुखदुःख आपल्यावरून ओळखावयास सांगितले आहे. ती दृष्टी देवळाच्या पायरीपाशी संपत नाही.

येथे रहिवाशांचेही कर्तव्य सांगितले पाहिजे. आवाज आपल्या घरावरून हटवून दुर्बळाच्या झोपडीवर ढकलावा, एवढीच मागणी असेल तर ती न्यायाची नव्हे. ती केवळ पाळी बदलण्याची मागणी होय. सुशिक्षित वसाहतीला न्यायालय सापडते, खेड्यातील मजुराला सापडत नाही. म्हणून ज्याला बोलता येते त्याने न बोलणाऱ्याच्या वतीनेही बोलावे. अनेक गावकऱ्यांची उपजीविका याच विमानतळावर चालते, हेही त्याने विसरू नये.

सारांश, गृहस्थाचे आचरण पुढीलप्रमाणे असावे. गरज नसता हिंडू नये. दिवसाचे विमान मिळत असता थोड्या बचतीसाठी मध्यरात्रीचे घेऊ नये. ध्वनिरोधासाठी किंवा विस्थापितांसाठी तिकिटावर काही अधिक द्यावे लागले तर कुरकुर करू नये. उलट तशी तजवीज व्हावी म्हणून आपले मत द्यावे. ज्यांची भूमी गेली त्यांची भरपाई रखडली असता ‘प्रकल्प अडवणारे लोक’ म्हणून त्यांची हेटाळणी करू नये.

पहाडगंजातील ते वृद्ध दांपत्य यात्रेहून परतताना गंगोदकाचा गडू जपून नेत आहे. घरी गेल्यावर मावंदे होईल, चार माणसे जेवतील. यात्रेचे पुण्य वाटून घेण्याची ही आपली जुनी रीत. त्या पंक्तीत ज्यांच्या छपरांवरून ही यात्रा पार पडली त्यांचेही एक पान मनाने मांडावे. ते एकदा मांडले गेले, म्हणजे पुढचे देणे कसे फेडावे हे गृहस्थाला वेगळे शिकवावे लागणार नाही.