ठिगळ कुठे पडतं?

॥ श्रीगुरवे नमः ॥



आजचा विषय जरा लांबून आणलाय. जपानमधल्या शेतकऱ्यांच्या जुन्या कपड्यांचा. पण शेवटी तो आपल्याच घरात येऊन बसतो.

जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरी नावाचा प्रांत आहे. तिथे बर्फ फार, कापूस पिकत नाही. त्यामुळे पूर्वी तिथली शेतकरी माणसं आपल्या तागासारख्या जाड्याभरड्या धाग्याचं कापड अंगात घालायची. वीण विरळ, वारा आरपार जाणार. सुती कापड यायचं ते ओसाकाकडून जहाजानं, तेही पुष्कळदा वापरून जुनं झालेलं. म्हणजे चिंध्याच म्हणा ना! पण घरातल्या बायका त्यातला तळहाताएवढा तुकडासुद्धा जपून ठेवायच्या.

शेतात घालायच्या अंगरख्याला तिकडे नोरागी म्हणतात. तो विरला की आतून-बाहेरून ठिगळ लावायचं आणि वरून दाट धावदोरा घालायचा. या शिवणीचं नाव साशिको. तिनं कापडाचे थर एकजीव होतात, थरांत हवा धरली जाते आणि ऊब वाढते. रंग निळीचा. निळीत एकदा बुडवून कापड गडद होत नाही. बुडवायचं, हवेला धरायचं, पुन्हा बुडवायचं. असा एकच अंगरखा आजी, मुलगा, नातू वापरत आणि त्यावर प्रत्येक ठिगळाची निळाई वेगळी दिसे. या कपड्यांना 'बोरो' म्हणतात, म्हणजे फाटकंतुटकं. आपल्याकडे कुणी गोधडी म्हणतं, कुणी वाकळ. भाव तोच.

पुढे महायुद्धानंतर सुबत्ता आली आणि लोकांना या कपड्यांची लाज वाटू लागली. कुणी लपवले, कुणी टाकून दिले. चुझाबुरो तानाका (1933-2013) नावाच्या गृहस्थांनी आओमोरीच्या खेड्यापाड्यांत हिंडून ते गोळा केले. ज्यांची लाज वाटत होती, ते कपडे आज लोक संग्रहालयात जाऊन बघतात.

संतांना मात्र चिंधीची लाज कधीच नव्हती. बौद्ध भिक्षूंचं चीवर तुकडे जोडूनच शिवलेलं असतं, जपानमध्येही. आणि आपले गाडगेबाबा? अंगावर ठिगळांचेच कपडे, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत.

आता एक विचार करू या. *कापड आधी कुठे फाटतं?* खांद्यावर, कोपरावर, गुडघ्यावर. जिथे भार येतो तिथे. म्हणजे फाटणं हा कापडाचा दोष नव्हे, तिथे काम झालंय याची ती खूण आहे.

हे आम्हाला उशिरा कळलं. आमच्या गटातल्या एक काकू उत्सवाच्या दिवशी सगळ्यांसमोर खूप बोलल्या आणि नंतर यायच्याच बंद झाल्या. आम्ही काय म्हटलं? "इतकी वर्षं सेवा करून राग काही गेला नाही." महाप्रसादाचं सगळं स्वयंपाकघर वर्षानुवर्षं त्यांच्याच खांद्यावर होतं, हे कुणाच्या मनातही आलं नाही. शेवटी आम्ही दोघी-तिघी त्यांच्या घरी गेलो. तेव्हा कळलं, सासूबाई चार महिने अंथरुणाला खिळलेल्या होत्या. कापड विरत होतं आणि आम्ही त्यावर आणखी भार टाकत होतो. वर नावंही ठेवत होतो.

काकू अजून केंद्रात आलेल्या नाहीत. पण दर गुरुवारी आमच्यापैकी एक जण दोन तास सासूबाईंपाशी बसते. तेवढ्यात काकू जरा पडतात, नाहीतर बाजारात जाऊन येतात. मोठं काही नाही, एक टाका. रोज नाम घेतो ना आपण, तेही असंच. एका बुडीत रंग चढत नाही म्हणून कुणी निळीचा माठ उलथत नाही.

तेव्हा या आठवड्याची सेवा एवढीच. आपल्या घरात जे माणूस हल्ली चटकन चिडतं, त्याला उपदेश करायचा नाही. त्याच्या खांद्यावर काय आहे ते बघायचं आणि त्यातलं एक काम न बोलता आपल्याकडे घ्यायचं. ठिगळ दिसलं तर दिसू दे. त्याची लाज नको, ऊब त्यातूनच येते.

चुकलं-माकलं पदरात घ्यावं. सेवा श्रीगुरुचरणी अर्पण 🙏